‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात

यावेळी आलेल्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून येतोय, वर्गात शिकवलेलं मुलांच्या डोक्यात किती उतरलं हे ओळखायचं कसं. शिक्षकांची पत्रं आहेत, पालकांची आहेत, एका विद्यार्थ्याचंही आहे. मी स्वतः २२ वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षं तरी हे काम चुकीचं केलं, त्यामुळे उत्तरं जरा मोकळेपणाने देतेय, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी यंदाच शिकवायला लागलेय, सहावीला विज्ञान. धडा झाला की विचारते, “समजलं का सगळ्यांना?” आणि सगळा वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणतो. मग चाचणी घेतली की अर्ध्या वर्गाचे पेपर जवळजवळ कोरे. मुलं खोटं बोलतात का माझ्याशी?

खोटं नाही हो बोलत. तुम्ही एखाद्या मीटिंगमध्ये बसलाय, वर बसलेल्या माणसाने विचारलं “कुणाला काही शंका?”, तर तुम्ही करता का हात वर? नाही ना. मुलांचं तेच. “नाही समजलं” म्हणायचं म्हणजे चाळीस जणांसमोर उभं राहून मी मठ्ठ आहे असं जाहीर करायचं, त्यापेक्षा “हो” म्हटलं की सुटका होते, तासही लवकर संपतो. आणि दुसरी गोष्ट जास्त गंमतीची आहे, ज्याला खरंच कळलेलं नसतं त्याला बरेचदा आपल्याला कळलेलं नाही हेसुद्धा माहीत नसतं, तो अगदी प्रामाणिकपणे हो म्हणतो.

म्हणून “समजलं का” हा प्रश्न आजपासून बंद. त्याऐवजी असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर समजल्याशिवाय देताच येणार नाही. विज्ञान शिकवताय म्हणून विज्ञानातलंच सांगते. थंडगार पाण्याने भरलेल्या ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले, ते आले कुठून? अ) ग्लासातून झिरपून बाहेर आले, ब) आतला गारवा बाहेर येऊन त्याचंच पाणी झालं, क) हवेतल्या वाफेचं पाणी झालं. आता बघा, यातली चुकीची उत्तरं उगीच भरीला टाकलेली नाहीत, मुलं खरोखर असं समजतात. ‘अ’ लिहिणाऱ्याच्या डोक्यात हवेत वाफ असते ही गोष्टच नाहीये, ‘ब’ लिहिणारा गारवा म्हणजे एक वस्तूच समजतोय. म्हणजे उत्तर चुकलं एवढंच नाही, कुठे चुकलं तेही तुम्हाला कळलं, तेही अर्ध्या मिनिटात.

हे तोंडी नका विचारू, नाहीतर पहिल्या बाकावरचे तेच चारजण ओरडतील आणि बाकीचे त्यांच्या मागे “क, क” करतील. सगळ्यांच्या हातात पाटी द्या, नसेल तर वहीचं मागचं पान चालतं, सगळ्यांनी लिहायचं आणि “दाखवा” म्हटलं की एकदम वर करायचं. एकदम हे महत्त्वाचं, नाहीतर शेजारच्याचं बघून पुसतात, माझ्या वर्गात एकजण बाहीने इतक्या सफाईने पुसायचा की मला वर्षभर पत्ता लागला नाही.

मग पुढचं. जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं तर पुढे चला, उरलेल्या दोन-चार जणांना नंतर गाठा. बहुतेकांचं चुकलं तर परत शिकवा, पण वेगळ्या पद्धतीने. तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणणं म्हणजे परत शिकवणं नव्हे (मी हे खूप केलंय). आणि अर्धे-अर्धे झाले तर लॉटरीच लागली म्हणा. अशावेळी बरोबर उत्तर सांगायचंच नाही, “शेजाऱ्याला पटवून दे” म्हणायचं आणि दोन मिनिटांनी परत पाट्या वर. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९१ पासून कॉलेजच्या मोठ्या वर्गात हेच सुरू केलं, कारण त्यांच्या लक्षात आलं की आपली हुशार मुलं अवघड गणितं फटाफट सोडवतात पण साध्या शब्दांत विचारलेला मूळ कल्पनेचा प्रश्न आला की अडकतात. सहावीतही हे चालतं, गोंगाट होतो तेवढा सहन करायचा.

अजून एक, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या आसपास विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग्ज ऐकून हे मोजलं होतं, तर शिक्षक साधारण एक सेकंद थांबायचे, एक! त्यानंतर स्वतःच उत्तर द्यायचे नाहीतर दुसऱ्याला विचारायचे. तोच वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तर मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागली, “माहीत नाही” कमी झालं. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात उभं राहून बघा, युगं गेल्यासारखी वाटतात. मी मनातल्या मनात आकडे मोजायचे. आणि आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. नाव आधी घेतलंत की बाकीच्या एकोणचाळीस जणांना सुट्टी मिळाली.

प्रश्न : मी तिसरीला शिकवतो. एक मुलगा वजाबाकी कधी बरोबर करतो कधी चूक. येत असून आळशीपणा करतो असं माझं मत आहे. रोज दहा वजाबाक्या घरून करायला लावतो, तरी फरक नाही. त्याच्या वहीतल्या चार पाठवतोय : ५२ − ३८ = २६, ६८ − ४३ = २५, ७४ − २९ = ५५, ८१ − ४७ = ४६.

सर, तुम्ही वजाबाक्या जशाच्या तशा पाठवल्यात त्याबद्दल आधी आभार, कारण नुसतं “चारपैकी एक बरोबर” असं लिहून पाठवलं असतंत तर मला काहीही सांगता आलं नसतं.

आता हा मुलगा काय करतोय बघा. ५२ मधून ३८. एककात खाली ८ आणि वर २, तर तो ८ मधून २ काढतो, ६. दशकात ५ मधून ३, २. झाले २६. पुढचं ७४ मधून २९, परत ९ मधून ४ काढले ५, ७ मधून २ काढले ५, म्हणून ५५. ८१ चंही तेच. आणि ६८ मधून ४३ मात्र बरोबर, कारण तिथे उसना घ्यायचीच वेळ येत नाही. म्हणजे तो “कधी बरोबर कधी चूक” नाहीये, तो प्रत्येक वेळी एकच नियम अगदी शिस्तीत पाळतोय, मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा, वर कुठला खाली कुठला ते बघायचं नाही. आणि हा नियम त्याला दिला कुणी असेल? आपणच. “लहानातून मोठा जात नाही” हे आपण वर्गात शंभर वेळा म्हणतो, त्याने ते मनावर घेतलं. आळशी मूल असं वागत नाही हो.

खात्री करायची असेल तर त्याला ६३ − २८ द्या, पण त्याने सोडवायच्या आधी तुम्ही एका चिठ्ठीवर ४५ लिहून ठेवा. खरं उत्तर ३५. त्याने ४५ लिहिलं की समजा सापडलं. चूक आधीच सांगता येणं यासारखी दुसरी परीक्षा नाही, मुलाची नाही, आपली.

वजाबाकीतल्या चुका अशा ठरलेल्या नियमाने होतात हे काही मी शोधलेलं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये यावर सविस्तर लिहिलं, कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये जसा बग असतो तसा मुलांच्या पद्धतीत एखादा बग असतो, आणि तो सापडला की पुढची चूक आधीच सांगता येते. तुमच्या पत्रातला बग त्यातल्या अगदी नेहमीच्या बगांपैकी एक.

घरच्या दहा वजाबाक्या आजच बंद करा. रोज दहा वेळा चुकीचाच नियम पक्का होतोय. त्याच्यासमोर काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा, अडतीस काढून दे म्हणा. सुट्या आठ लागतील, आहेत दोन, तो आपणहून एक गठ्ठा सोडेल. सोडला की तिथेच थांबवा आणि तू आत्ता काय केलंस ते वहीत कसं लिहिशील विचारा. शिवाय उत्तर आलं की उलटी बेरीज करायची सवय लावा, २६ आणि ३८ मिळवले तर ६४ येतात, ५२ कुठे गेले? मुलं स्वतःच चमकतात.

माझीही एक सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई नुसतीच शहाणपणा शिकवतेय. माझ्या वर्गात एक मुलगी दशांश अपूर्णांकांत सारखी चुकायची, मी लाल फुल्या मारून मारून पेन संपवलं. एक दिवस कंटाळून म्हटलं, “तू मोठ्याने बोलत सोडव.” समोर होतं ०.३५ आणि ०.८, मोठा कोणता. ती म्हणाली, “पस्तीस आठपेक्षा मोठे, म्हणून शून्य पॉइंट पस्तीस.” मला घाम फुटला, कारण त्याआधीच्या चाचणीत मी विचारलं होतं ०.३५ मोठा की ०.६२, आणि त्यात तिला पूर्ण मार्क होते! अर्थात असणारच, दोन्हीकडे दोन-दोन आकडे असले की चुकीच्या नियमानेही उत्तर बरोबर येतं. म्हणजे माझा प्रश्नच फुकट होता. तेव्हापासून पेपर काढताना मी आधी बघायचे की चुकीचा विचार करणारं मूल याला काय लिहील, तेही बरोबरच लिहिणार असेल तर प्रश्न बदला.

प्रश्न : मुलीच्या नव्या बाई वहीवर मार्कच देत नाहीत, फक्त शेरे लिहितात. बाकी पालकही वैतागलेत. मार्क नाहीत तर आमची मुलगी कुठे आहे हे आम्हाला कळणार कसं?

तुमचं टेन्शन समजतं. पण आधी हे सांगा, शेरा काय असतो? “छान”, “सुधारणा हवी”, “लक्ष दे” असले शेरे असतील तर तुमच्या बाजूने मीही भांडेन, त्यात मार्कांइतकीही माहिती नसते. पण “तू कारण बरोबर दिलंयस पण एकही उदाहरण नाही, एक घालून परत लिही” असं काही असेल तर बाईंचे हात धरून आभार माना, कारण असा एक शेरा लिहायला दोन-तीन मिनिटं जातात आणि मार्क द्यायला पाच सेकंद.

मार्क आणि शेरा दोन्ही का नाहीत, असं तुम्ही म्हणालच. रूथ बटलर यांचा १९८८ चा एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरेवाल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं मार्कवाल्यांसारखीच राहिली, म्हणजे शेरे लिहायची मेहनत वाया. याचं नवल वाटायला नको, वही हातात आली की मूल आधी आकडा बघतं, मग शेजारच्याचा आकडा बघतं, मग वही बंद. मी रात्री बारापर्यंत बसून लिहिलेले शेरे अशा बंद वह्यांत पडून असायचे.

मार्क नकोतच असं मात्र मी म्हणणार नाही. सत्राच्या शेवटी मूल कुठवर आलं हे सांगावंच लागतं, ते संकलित मूल्यमापन. शिकणं चालू असताना पुढची पायरी दाखवायला जे करतात ते आकारिक. हा फरक मायकेल स्क्रिवेन यांनी १९६७ मध्ये मांडला, तेही मुलांच्या नाही तर अभ्यासक्रमांच्या संदर्भात, मुलांच्या शिकण्याला तो लावला बेंजामिन ब्लूम यांनी. तुमच्या बाई आकारिक करतायत आणि तुम्ही संकलित मागताय. सत्र संपताना नक्की मागा. तोवर घरी “किती मिळाले” ऐवजी “बाईंनी काय लिहिलंय आणि तू त्यावर काय केलंस” एवढं विचारून बघा. दुसऱ्या अर्ध्याला उत्तर आलं नाही तर मात्र बाईंना जाऊन भेटा, शेऱ्यावर काम करायला वर्गात वेळ मिळतो का ते विचारा, कारण तो मिळत नसेल तर सगळंच फोल.

प्रश्न : वर्गात ६० मुलं. रोज सगळ्या वह्या तपासायच्या म्हणजे झोपायचं कधी?

तपासू नका. खरंच. तास संपायला तीन मिनिटं असताना एक प्रश्न फळ्यावर लिहा, प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर लिहून दारात तुमच्या हातात द्यायचं. मग लाल पेन न उघडता त्या चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा, कळलंय, अर्धवट, अजिबात नाही. साठ चिठ्ठ्यांना सात-आठ मिनिटं लागतात, मार्क द्यायचे नाहीत, शेरा लिहायचा नाही. तिसऱ्या ढिगाची जाडी बघून उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते ठरतं. ढीग बघून उद्याचा तास बदलणारच नसाल तर चिठ्ठ्या घेऊच नका, उगाच कागद वाया.

बाकी मुलं लिहीत असताना वर्गातून फिरता तेव्हा हातात यादी ठेवा आणि अडकणार अशी शंका असलेल्या मुलांपासून सुरुवात करा. आपण सवयीने पुढच्या बाकापासून निघतो आणि मागे पोचेपर्यंत घंटा होते.

प्रश्न : एकाच निबंधाला मी ७ दिले, सहकारी बाईंनी ४. कोण बरोबर?

कोणीच नाही, किंवा दोघीही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडे पाठवल्या होत्या, १०० पैकी मार्कांत तिसाहून जास्तीचा फरक आला. लोक म्हणाले भाषेत असं होणारच, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर फरक अजून वाढला! कुणी नीटनेटकेपणाचे मार्क कापले, कुणी पायऱ्यांना दिले.

तुम्ही दोघींनी तपासायच्या आधी एकत्र बसून कशाला किती ते ठरवा आणि चार पेपर एकत्र तपासून बघा. नाव दिसणार नाही असं पान दुमडा. एका मुलाचा पूर्ण पेपर तपासण्यापेक्षा सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं करा आणि मध्ये गठ्ठा उलटापालटा करा, कारण चार भिकार उत्तरांनंतर आलेलं साधं उत्तरही आपल्याला सोन्यासारखं वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी नववीत आहे. धडा चार-पाच वेळा वाचतो, वाचताना सगळं येतं. पेपर समोर आला की ब्लँक होतो. माझी मेमरी खराब आहे का?

तुझी मेमरी बरी आहे रे, तू स्वतःला तपासतोयस चुकीच्या जागी. पुस्तक उघडं असताना “हे मला येतंय” असं वाटतं ते ओळखीमुळे, रस्त्यात चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव आठवत नाही ना, तसं. पेपरात चेहरा दाखवत नाहीत, नावच विचारतात.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं. एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने तो बंद करून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. तुला पाच मिनिटांवालं बरं वाटणं मिळतंय आणि परीक्षा मात्र आठवड्याने होते.

तर एकदा वाच, पुस्तक मिट, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भर. पहिल्यांदा लाज वाटेल इतकं कमी आठवेल, घाबरू नकोस. दोन दिवसांनी परत तेच, पुस्तक न उघडता. आणि ते दुसऱ्या रंगाचे कागद फेकू नकोस, कुठे अडतं ते तुझ्या सरांना दाखव, त्यांना पेपर तपासून जे कळणार नाही ते त्यात असेल.